कुत्र्याला घेऊन पाहुणे जाताना: खान्देशातल्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

एप्रिलमधली सकाळ होती. अमळनेर तालुक्यातल्या माझ्या माहेरी वहिनीनं धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, बिबडे (ज्वारीचे पापड) घातले होते. ज्वारी तीन दिवस भिजवायची, भरडायची, लसूण-मिरची-तीळ घालून घाटा शिजवायचा आणि गरम असतानाच ओल्या कापडावर थापत जायचं, असं ते काम. ऊन तापायच्या आत उरकावं म्हणून ती पहाटे चारला उठलेली. आम्ही नाशिकहून पोहोचलो, गाडीतून उतरताच मी माझ्या कुत्रीची, भुरीची, दोरी सोडली. ती जिन्यावरून थेट वर गेली आणि ओल्या बिबड्यांवर चार फेऱ्या मारून खाली आली.

वहिनी वर जाऊन बघून आली. "राहू द्या ताई, मुकं जनावर ते," एवढंच म्हणाली आणि चहा टाकला. दुपारी वाढताना मात्र तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

आठ दिवस आधी मी फोनवर विचारलं होतं, "भुरीला आणलं तर चालेल ना?" ती म्हणाली होती, "आणा ना, त्यात काय!" आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. अहिराणीत तर "लई या ना, तेम्हा काय शे!" हे वाक्य तोंडावरच असतं. म्हणून खान्देशात कुत्रं घेऊन पाहुणं जायचं असेल, तर यजमानाला नाही म्हणायची वाट आपणच करून द्यायला हवी. ती कशी द्यायची आणि होकार आलाच तर कसं वागायचं, हे गेल्या काही वर्षांत मी चुकत चुकत शिकले. ते सगळं इथं लिहिते आहे.

विचारायचं कोणाला आणि कसं

घरातल्या पुरुषाला विचारून निघू नका. भाऊ "ये ना" म्हणेल, पण ओसरी झाडणार वहिनी आणि पाय घसरायची भीती आईला. ज्या बाईच्या हातात घर आहे तिला स्वतंत्र फोन करा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांच्याबद्दल वेगळं विचारा.

"चालेल ना?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "चालेल" असंच येतं. मी आता असं म्हणते: "वहिनी, आम्ही शनिवारी येतोय. भुरीची सोय इथं शेजारी होते, तिची अडचण नाही. तुमच्याकडे काही कामं चालू असतील, कोणाला भीती असेल, तर तिला ठेवूनच येते. रात्री विचार करून सांगा." यात तीन गोष्टी आहेत. येणं पक्कं आहे, म्हणजे कुत्र्याला नाही म्हटलं तरी पाहुण्याला नाही म्हटल्यासारखं होत नाही. दुसरी सोय तयार आहे, म्हणजे त्यांच्यावर ओझं नाही. आणि उत्तर लगेच द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी फोन आलाच नाही, किंवा "बघा तुम्हाला जमेल तसं" असं आलं, तर तो नकार समजा आणि आनंदानं स्वीकारा.

पण दुसरी सोय खरीच असली पाहिजे. नुसतं बोलण्यापुरती असेल तर समोरच्याला ते कळतं. ओळखीच्या माणसाकडे एक रात्र ठेवून बघणं, जवळच्या कुत्र्यांच्या पाळणाघरात आधी एकदा दिवसभर सोडून बघणं, हे जायच्या किमान महिनाभर आधी करा.

होकार आला की पुढचे प्रश्न विचारा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई आहे का? कोणाला दमा आहे का? घरचं कुत्रं, मांजर, कोंबड्या, शेळ्या आहेत का? वर वाळवण आहे का? कापूस घरात आहे का? हा शेवटचा प्रश्न शहरात वाढलेल्याला सुचणार नाही. दिवाळीनंतर आपल्याकडे वेचलेला कापूस भाव येईपर्यंत खोलीत छताला टेकेल इतका भरलेला असतो. मऊ ढीग दिसला की कुत्रं त्यात उडी घेणारच. केस आणि माती कापसात गेली तर प्रत खराब होते, आणि ते वर्षभराच्या कमाईचं नुकसान असतं.

कधी नेऊच नये

कानबाईच्या वेळी नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही खान्देशातली देवी घरी बसते, घर धुऊन-सारवून काढलेलं असतं, रोटाचं, म्हणजे तिच्या नैवेद्याचं, दळण सोवळ्यात होतं. त्या घरात कुत्रं नेणं म्हणजे यजमानांना देवी आणि पाहुणा यांतलं एक निवडायला लावणं. हळद-लग्न, साखरपुडा, दहावं-तेरावं यांनाही नाही. व्याह्यांकडे पहिल्यांदा जाताना तर मुळीच नाही. तिथं नाही म्हणणं सगळ्यात अवघड असतं.

मादी माजावर असेल तर गावाला नेऊ नका. साधारण सहा महिन्यांनी येणारा हा काळ सुमारे तीन आठवडे चालतो आणि तेवढ्यात गावातली सगळी नर कुत्री त्या दारात येऊन बसतात. रात्रभर भांडणं, आणि शिव्या यजमानांना.

जुलाब, खरूज, गोचीड झालेलं कुत्रं नेऊ नका. ज्याच्या घरी गाई-म्हशी आहेत, त्याच्या गोठ्यात आपण गोचीड नेऊन सोडली तर ती निघता निघत नाही. उलटंही होतं. गोठ्यातली गोचीड आपल्या कुत्र्याला लागते, आणि तिच्यामुळे येणारा ताप जिवावर बेतू शकतो.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. हा माझ्यासाठी सगळ्यात जड भाग आहे, कारण आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, खापरावरची पुरणपोळी होते, आणि भुरीला मागं ठेवून यायला जीव होत नाही. पण आखाजी येते एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा मे महिन्यात. तेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. पगसारखी चपट्या नाकाची कुत्री तर तेही नीट करू शकत नाहीत. घागरी भरायच्या, पितरांना नैवेद्य दाखवायचा, अशा दिवशी घर आधीच भरलेलं असतं. गेली दोन वर्षं मी आखाजीला भुरीला नाशिकलाच ठेवते.

निघण्याआधीची तयारी

रेबीजची लस वेळेवर झालेली हवी. पहिली साधारण तीन महिन्यांच्या वयात, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. लशीच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. लसच झालेली नसलेलं पिल्लू कोणाच्या घरी नेऊ नये. जंताचं औषध आणि गोचीड-पिसवांचं औषध जायच्या आठवडाभर आधी द्या. आंघोळ आदल्या दिवशी घाला, कारण दमट अंगाचा वास बंद खोलीत बसतो.

"बस", "थांब", "सोड" आणि "जागेवर" एवढं तरी कुत्र्याला येत असावं. त्यातलं "जागेवर" सगळ्यात उपयोगी. घरी एक चटई ठरवून घ्या, रोज त्यावर बसवून तिथंच खाऊ द्या. महिनाभरात ती चटई कुठंही अंथरली तरी कुत्रं त्यावर जाऊन बसतं. मग यजमानांच्या ओसरीतला कोपरा त्याचा होतो आणि बाकीचं घर घरच्यांचं राहतं.

पिशवीत ही चटई, खाण्याचं आणि पाण्याचं स्वतःचं भांडं, नेहमीचं खाणं, दोन जुने पंचे, रद्दी आणि पिशव्या, झाडणी, जाळीचं तोंडबंद आणि दोन मीटरची पक्की दोरी. यजमानांच्या ताटवाटीत कुत्र्याला कधीही घालू नका, त्यांनी दिली तरी नाही.

प्रवास गाडीनं असेल तर निघण्याआधी तीन-चार तास पोटभर घालू नका. नाशिकहून धुळं दीडशे-एकशे साठ किलोमीटर, तेवढ्यात एक थांबा पुरतो. संभाजीनगरकडून येणाऱ्यांना कन्नडचा घाट लागतो, तिथं ओकारी ठरलेली. उन्हाळ्यात पहाटे निघून नऊच्या आत पोहोचा. बंद गाडीत कुत्र्याला "पाच मिनिटं" म्हणून सोडू नका, काच थोडी उघडी असली तरी. रेल्वेनं न्यायचं तर फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावे लागते, नाहीतर कुत्र्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवतात. भुसावळच्या मे महिन्यात त्या पेटीचा विचारही करू नये.

दारात पोहोचल्यावर

थेट अंगणात गाडी लावून दार उघडू नका. गावाबाहेर, शेताच्या बांधाला थांबा, दहा मिनिटं फिरवा, लघवी-शी उरकू द्या. नवीन जागेत शिरताच नर कुत्रं पाय वर करून खूण करतं, आणि आपल्या घरांत पहिली उभी वस्तू दिसते ती तुळशीवृंदावन. हे एकदा झालं की घरातली म्हातारी कायमची दुखावते. म्हणून बाहेर उरकून आणलं तरी अंगणातून जाताना दोरी आखूड धरा आणि तुळशीच्या उलट्या बाजूनं चला. पारावरच्या मारोतीजवळूनही तसंच.

गल्लीतली कुत्री भुंकत येतील, ती त्यांची हद्द आहे. दगड मारू नका, आपलं कुत्रं उचलून पळू नका. दोरी सैल पण हातात पक्की ठेवून सरळ चालत राहा. लहान जातीचं कुत्रं असेल तर घरातल्या कोणालातरी चौकापर्यंत यायला सांगा. घरच्या माणसाला बघितलं की गल्लीतली कुत्री लवकर शांत होतात.

आधी माणसं आत जातात. एकानं कुत्र्याला घेऊन बाहेर थांबायचं. पाया पडणं, पाणी, चौकशी होऊ द्या. मग घरच्या बाईनं "आणा आता" म्हटल्यावर, पाय पुसून, दोरीनं आणा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बोटांमध्ये बसतो, तो ओल्या पंचानं काढावा लागतो.

कुत्र्यानं लहान मुलांकडे जायचं नाही, मुलांनी यायचं तर एकेकानं, आणि तुम्ही पट्टा धरलेला असताना. "चावस का हाई?" असं मुलं विचारतात. "नाही, काही करत नाही" असं उत्तर देऊ नका. "अजून कोणाला चावलेली नाही, पण शेपटी ओढली, जेवताना हात घातला तर चावू शकते" असं खरं सांगा. आणि झोके बांधलेले असतील तर त्या अंगणात कुत्रं मोकळं नको. हलणाऱ्या झोक्यामागं ते धावतं आणि मूल पडतं.

घरात आणि अंगणात

देवघर, चूल, माठ आणि दळणाचे डबे यांच्यापासून लांब. हे विचारायचीही गरज नाही, गृहीत धरा. आपल्याकडे कुत्र्यावर लोकांचा राग नसतो. मळ्यात कुत्रं असतंच, त्याला रोज भाकरी असते, त्याच्या जिवावर रात्री माणसं झोपतात. पण त्याची जागा ओट्यावर किंवा खळ्यात. शहरातून आलेल्या माणसानं कुत्र्याला गादीवर घेतलं की घरच्यांना ते आपल्या गादीचा अपमान वाटतो. तुमच्या घरी ते पलंगावर झोपत असेल, इथं चटईवर झोपेल. मुसलमान मित्राच्या घरी जाताना तर आधीच स्पष्ट विचारा, कारण कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर अनेक घरांत नमाजाआधी तो धुवावा लागतो. तिथं अंगणातच थांबणं बरं.

बाहेर बांधायचं असेल तर सावली कुठं सरकते ते बघून बांधा. सकाळी नऊला निंबाखाली सावली होती म्हणून बांधलं आणि बारा वाजता कुत्रं उन्हात, हे फार घडतं. फरशी किंवा डांबर तापलंय का, हे हाताचा मागचा भाग पाच-सात सेकंद टेकवून बघा, आपल्याला सोसवत नसेल तर त्यालाही नाही. हौदाच्या, जिन्याच्या किंवा धाब्याच्या कडेजवळ बांधू नका. उडी मारली तर पट्ट्याला लटकून गळफास बसतो. गोठ्यापासून लांब, विशेषतः नुकती व्यायलेली गाय असेल तर. ती वासराला वाचवायला दावं तोडून येते.

धापा फार लागल्या, लाळ घट्ट झाली, चालताना तोल गेला, तर ऊन लागलंय. कुत्र्याचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं, ४१ च्या वर गेलं की धोका आहे. सावलीत न्या, पोट-मांड्या-पाय साध्या गार पाण्यानं भिजवा, पंखा लावा, घोट-घोट पाणी द्या. बर्फ लावू नका. आणि डॉक्टर गाठा.

रात्री घरचे लोक धाब्यावर झोपतात तेव्हा कुत्र्याला एकटं खाली कोंडू नका, ते रडेल आणि गाव जागं होईल. तुम्ही त्याच्याजवळ झोपा. सगळं घर देवदर्शनाला निघालं तर एकानं मागं राहायचं. कुत्र्याला परक्या घरात एकटं सोडून जाऊ नका.

खाणं

इथं यजमानांचं प्रेमच आड येतं. शेवटची भाकरी कुत्र्याची ही पद्धत घराघरात आहे, त्यामुळे "काही देऊ नका" म्हटलं की लोकांना वाईट वाटतं. मी तोडगा काढला आहे. पोहोचल्यावर सांगते, "भुरीला कोरडी भाकरी चालते, कळण्याचीही (ज्वारी-उडदाच्या पिठाची) चालते, कालवण मात्र नको, डॉक्टरांनी बंदी केलीय." मग त्यांच्या हातून तेवढी चतकोर घालू देते, चटईवर, स्वतःच्या भांड्यात. देणाऱ्यालाही बरं वाटतं.

कालवणाला बंदी खरीच आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवले तरी. वांग्याच्या भरितात लसूण, हिरवी मिरची आणि कांद्याची पात असते, शेवभाजीत कांदा-लसणाचा मसाला. हिवाळ्यात मळ्यात पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) पेटवून भरीत पार्टी चालू असते, तेव्हा द्रोण जमिनीवरच पडलेले असतात. तिथं कुत्र्याला मोकळं सोडू नका, निखारेही असतात. मटणाची शिजलेली हाडं मोडली की टोकदार तुकडे होतात आणि आतडी फाटतात. आमरसानंतर टाकलेली कोय घशात किंवा आतड्यात अडकते. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडं निकामी करू शकतात. चॉकलेट नको. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे सरकी, कापसाचं बी. तिच्यात गॉसिपॉल असतं, ते कुत्र्याला विषारी. गोठ्यातली सरकीची पेंड चवीला लागते म्हणून कुत्री तोंड घालतात, ते पोतं कुठं आहे ते आधी बघून ठेवा. केळं मात्र सालाशिवाय थोडं दिलं तर चालतं.

काही बिघडलंच तर

लपवू नका, त्याच क्षणी सांगा. साफ तुम्हीच करा. वहिनी फडकं घेऊन पुढं आली तरी तिच्या हातून घ्या. "पैसे देते" म्हणणं आपल्याकडे लागतं, म्हणून वस्तू भरून द्या किंवा काम करा. त्या बिबड्यांनंतर मी दुसऱ्या दिवशी बाजारातून ज्वारी आणली, मुक्काम चार दिवसांनी वाढवला आणि चौथ्या पहाटे वहिनीबरोबर घाटा ढवळायला बसले.

कुत्र्यानं कोणाला चावलं किंवा दातानं ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची, तेल काही लावायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखान्यात. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस मोफत मिळते. आपल्या कुत्र्याची लस झालेली आहे म्हणून घरीच थांबू नका, काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही सोबत जा, लशीचं कार्ड दाखवा, आणि पुढचे दहा दिवस कुत्र्याची तब्येत कशी आहे ते त्या घरी रोज फोन करून सांगा. पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नात्यातला माणूस तक्रार करणार नाही, म्हणून तर जबाबदारी आपण जास्त घ्यायची.

तुम्ही यजमान असाल तर

नाही म्हणता येतं. "तुम्ही नक्की या, पण आईला भीती वाटते, कुत्र्याची सोय इथं होणार नाही" एवढं पुरे. किंवा अर्धा होकार द्या: "ओट्यावर बांधायला जागा आहे, घरात नको." जे सांगायचं ते पाहुणा निघण्याआधी सांगा, गाडी दारात आल्यावर नव्हे. आणि तुमचं स्वतःचं कुत्रं असेल तर दोघांची भेट घरात नको, गावाबाहेरच्या रस्त्यावर दोघांना बरोबर चालवत घडवून आणा.

निघताना

निघायच्या तासभर आधी चटईखालची जागा झाडा, केस गोळा करा, अंगणात शी राहिलीय का ते फिरून बघा. ती परसातल्या भाजीच्या वाफ्यात किंवा खताच्या उकिरड्यात टाकू नका, जंत पसरतात. विहिरीपासून लांब खड्डा करून पुरा. पाण्याचं भांडं पालथं करून पिशवीत.

मग घरी पोहोचल्यावर दोन दिवसांनी फोन. तेव्हा "भुरीनं त्रास नाही ना दिला?" असं न विचारता मी विचारते, "पुढच्या वेळी भुरीसाठी काय वेगळं करू?" मागच्या खेपेला वहिनी थोडी थांबली आणि म्हणाली, "ताई, तिला संध्याकाळी ओट्यावरच बांधत जा. सासूबाई देवापुढं बसतात तेव्हा त्यांना धाप ऐकू येते." इतक्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच असं काही सांगितलं होतं.